मागच्या जागेचे मोल: गळ-मासेमारी स्पर्धांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मध्य प्रदेशातील जलाशयांवर गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरवणारे व भरवू इच्छिणारे आयोजक, त्यांच्या नियम समित्या, आणि अशा स्पर्धांना पाणी व परवानगी देणारे शासकीय अधिकारी यांना

विषय: प्रो-हौशी जोडी स्पर्धेत हौशी भागीदाराचे शुल्क, स्थान आणि हक्क

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या इंदूरमध्ये गळाने मासे धरण्याचा छंद असलेली मराठी मंडळी फार नाहीत, पण जी आहेत ती चिवट आहेत. पहाटे अंधारात निघून खलघाटला नाही तर चोरलला पोहोचायचे, ऊन चढेपर्यंत काठावर बसायचे आणि गळाला लागलेला मासा शक्यतो परत पाण्यात सोडायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. अलीकडे या मंडळींत आणि आमच्याहून पुष्कळ तरुण अशा हिंदी भाषक मित्रांत एक नवी चर्चा सुरू झाली आहे. इंदिरा सागर किंवा गांधी सागरसारख्या मोठ्या जलाशयावर बोटीतून स्पर्धा भरवावी, प्रत्येक बोटीत एक मुरलेला, स्वतःची बोट असलेला स्पर्धक, म्हणजे 'प्रो', असावा आणि त्याच्या जोडीला मागच्या जागेवर चिठ्ठ्या टाकून निवडलेला, शुल्क भरून आलेला एक हौशी भागीदार असावा, अशी ही कल्पना आहे. दोघांचे मासे वेगवेगळे तोलायचे आणि बक्षिसेही वेगळी ठेवायची, म्हणजे हौशी माणसाची गाठ हौशी माणसांशीच पडेल, असे तिचे समर्थन केले जाते.

या कल्पनेचे एक प्रारूप हातोहात फिरते आहे आणि ते मी लक्षपूर्वक वाचले आहे. बोटवाल्या स्पर्धकाबद्दल त्यात सविस्तर कलमे आहेत: इंजिनाची क्षमता किती असावी, सरावाचे दिवस कोणते, माशांची मर्यादा किती, प्रायोजकाचे नाव कुठे लावावे. भागीदाराबद्दल मात्र एवढेच लिहिले आहे की त्याने शुल्क आगाऊ भरावे, लाइफ जॅकेट घालावे, बोटवाल्याच्या सूचना पाळाव्यात आणि संध्याकाळी बोटवाल्याच्या वजनचिठ्ठीवर साक्षीदार म्हणून सही करावी. त्या शुल्काच्या बदल्यात त्याला नेमके काय मिळणार, हे कुठेही लिहिलेले नाही. हे पत्र त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहे, आणि नियम पक्के होण्याआधी ते आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून मी ते उघडपणे लिहीत आहे.

ही पद्धत जिथून आली तिथला इतिहास पाहिल्याशिवाय तिचा दोष नीट कळत नाही. अमेरिकेत रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर लेक या जलाशयावर बास या गोड्या पाण्यातल्या माशाची गळ-स्पर्धा भरवली. तीत १०६ स्पर्धक होते आणि प्रत्येकाने १०० डॉलर शुल्क भरले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी बी. ए. एस. एस. ही बास मासेमारांची संस्था उभी केली आणि १९७१ मध्ये लेक मीड या जलाशयावर तिची बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा पहिल्यांदा झाली. त्या काळात एका बोटीत दोन स्पर्धक चिठ्ठ्या टाकून बसवले जात. ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असत, बोटीवर दोघांचाही हक्क सारखा मानला जाई, आणि कुठल्या पाण्यात जायचे यावर मतभेद झाला तर दिवस वाटून घ्यावा लागे. ही व्यवस्था कटकटीची होती, पण तिच्यामागे एक भक्कम विचार होता: वजनकाट्यावर आलेला मासा त्याच दिवशी, त्याच पाण्यात, नियमाप्रमाणे गळाला लागला हे सांगू शकणारा माणूस बोटीतच बसलेला असे, आणि खोटे बोलण्यात त्याचा काडीचाही फायदा नसे.

पुढे बोटी मोठ्या आणि महाग झाल्या, प्रायोजक आले, मासेमारीवर घर चालवणारे लोक तयार झाले, आणि आपल्याच बोटीत तुल्यबळ प्रतिस्पर्धी असणे त्यांना नकोसे झाले. मागच्या जागेवर हौशी भागीदार आला तो तेव्हा. साक्षीदाराचे काम त्याच्याकडे तसेच राहिले. बोटीवरचा अर्धा हक्क मात्र त्या बदलात गळून पडला, आणि तो गेल्याची भरपाई म्हणून कमी शुल्क आणि वेगळे बक्षीस एवढेच त्याच्या पदरात टाकले गेले.

बोटीत बसल्याशिवाय या हक्काची किंमत कळत नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. मुलीकडे अलाबामात राहायला गेलो असताना गंटर्सव्हिल जलाशयावरच्या एका स्थानिक स्पर्धेत मी भागीदार म्हणून नाव घातले होते. बोट साधारण वीस फुटांची. पुढच्या टोकाला उंच सपाट जागा, तिथे पायाने चालवायची विजेची ट्रोलिंग मोटर आणि पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राचे दोन पडदे. मागच्या टोकाला, अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाच्या अलीकडे, दुसरी सपाट जागा, तिथे मी. बोट पाण्यातल्या गवताच्या कडेने सरकू लागली की पुढचा माणूस न ढवळलेल्या पाण्यात आमिष टाकतो आणि मागच्याच्या वाट्याला तेच पाणी थोड्या वेळाने, आधी एकाने चाळून झालेले, येते. याबद्दल माझी तक्रार नाही. बोटीला दोन टोके असतात आणि पुढचे टोक एकालाच मिळते. पुढे आम्ही लाकडी धक्क्यांच्या रांगेत शिरलो. धक्क्याच्या प्रत्येक खांबाजवळ त्या गृहस्थांचे आमिष पडून परत आले की ते पायाने मोटर दाबत, आणि माझा रॉड वर उचलला जाईपर्यंत खांब मागे पडलेला असे. दुपारी वारा सुटला तेव्हा त्यांनी बोटीचे नाक सरळ किनाऱ्याकडे वळवून धरले, आणि मी बराच वेळ खोल, मोकळ्या पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो, जिथे मासा असण्याचे काही कारण नव्हते. मधूनमधून त्यांचा मासा बोटीजवळ येई तेव्हा मी माझा रॉड खाली ठेवून त्यांच्यासाठी जाळे धरत असे. संध्याकाळी मी त्यांच्या चिठ्ठीवर सही केली, कारण त्यांनी एकही नियम मोडलेला नव्हता.

त्यानंतरच्या स्पर्धेत चिठ्ठीने मला दुसऱ्या माणसाच्या बोटीत बसवले. या माणसाने धक्क्यावरून बोट सोडतानाच सांगितले की खांबांची एक रांग तो आधी घेईल आणि पुढची रांग मी आधी घ्यावी, आणि किनाऱ्याला लागून जाताना बोट थोडी तिरकी धरेल म्हणजे मलाही काठ मिळेल. त्याने दिवसभर ते पाळले. त्याही दिवशी माझे वजन बेताचेच भरले, पण ते माझ्या कुवतीने बेताचे भरले होते, आणि घरी येताना मनात कुरकुर नव्हती. दोन्ही दिवसांचे शुल्क अगदी सारखे होते. या दिवशी मला स्पर्धा मिळाली, आधीच्या दिवशी मिळाली नव्हती, आणि हा फरक ना माझ्या कौशल्याने पडला, ना आयोजकांच्या नियमाने. तो एका भल्या माणसाच्या स्वभावाने पडला. पैसे घेऊन विकलेली गोष्ट विकत घेणाऱ्याला मिळेल की नाही, हे तिसऱ्याच माणसाच्या चांगुलपणावर सोपवलेले असेल, तर तो व्यवहार पुरा झाला असे म्हणता येत नाही.

आमच्या होळकरांच्या क्रिकेट संघात सी. के. नायडूंच्या जोडीला नवखा खेळाडू उतरला, तरी षटक संपले की खेळण्याचे टोक बदलणारच, ही खेळाचीच व्यवस्था होती. त्यासाठी नायडूंच्या मर्जीची गरज नव्हती. प्रो-हौशी बोटीत षटक संपतच नाही, आणि माझा मुख्य आक्षेप याच गोष्टीवर आहे.

पैशाच्या हिशेबात हौशी भागीदार लुबाडला जातो, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. अमेरिकेत मेजर लीग फिशिंग या संस्थेच्या बास फिशिंग लीगसारख्या खालच्या पायरीवरच्या मालिकांत भागीदाराचे शुल्क बोटवाल्याच्या साधारण निम्मे असते आणि त्याचे पहिले बक्षीसही साधारण निम्मे असते. बोटवाल्याची सर्व साधनांनी सज्ज बोट ७०-८० हजार डॉलरांच्या पुढे जाते. इंधन, ओढणारी गाडी, सरावाचे दिवस आणि विमा हे सगळे त्याच्याच खिशातून जाते. भागीदार चार-पाच रॉड आणि आमिषांची एक पिशवी घेऊन येतो. नुसती डॉलरची गणिते मांडली तर मागच्या जागेचा सौदा पुढच्या जागेपेक्षा वाईट नाही, कदाचित बराही आहे. म्हणून आपल्या समितीत कुणी 'शुल्क निम्मे, बक्षीस निम्मे, मग अन्याय कुठला?' असे विचारले, तर शुल्काच्या प्रमाणापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण शुल्क हे संधीसाठी भरले जाते. बंगालमध्ये तळ्यावर तिकीट लावून गळ टाकू देण्याची जुनी रीत आहे. तिथे तिकीट घेणाऱ्याला काठावरची एक जागा मिळते आणि ती दिवसभर त्याची असते. मासा लागो न लागो, त्याच्या समोरचे पाणी दुसरा कुणी हिरावून घेत नाही. तिकिटाचा अर्थ असा सरळ असावा.

शिवाय या हिशेबात एक मोठी रक्कम कुणी धरतच नाही, ती म्हणजे साक्षीदाराच्या कामाची. ३० सप्टेंबर २०२२ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे एरी सरोवरावरच्या एका स्पर्धेत विजयी ठरू पाहणाऱ्या जोडीच्या माशांची पोटे आयोजकाने सर्वांदेखत चिरली, तेव्हा त्यांतून शिशाची वजने आणि दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडे बाहेर पडले. बक्षीस २८ हजारांहून अधिक डॉलरचे होते. दोघांनीही पुढच्या वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्यांना प्रत्येकी दहा दिवसांची कैद झाली आणि बोट जप्त झाली. ते दोघे एकाच संघातले होते आणि बोटीत तिसरे कुणी नव्हते. जिच्यात तटस्थ डोळे नाहीत अशी बोट किती सहज काट्यापर्यंत पोहोचते, हे त्या प्रकरणाने साऱ्या जगाला दाखवले. प्रो-हौशी पद्धतीत हे डोळे हौशी भागीदाराचे असतात. स्पर्धेच्या खरेपणाची हमी तो देतो, प्रायोजकाचे नाव त्या हमीवर उभे असते, आणि या कामाबद्दल त्याला काही मिळणे तर दूरच, उलट तोच शुल्क भरतो.

याच जागेला इतरत्र काय मोल दिले गेले ते पाहण्यासारखे आहे. बी. ए. एस. एस.ची सर्वांत वरच्या पायरीची बासमास्टर एलिट मालिका २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा तीत हौशी भागीदार होते. २००९ पासून त्यांना वगळून मार्शल आणले गेले. मार्शल नाममात्र नोंदणी शुल्क देतो, गळ टाकत नाही, पण अव्वल मासेमाराचा दिवस जवळून पाहतो आणि नोंद ठेवतो. मेजर लीग फिशिंगच्या, २०१९ मध्ये सुरू झालेल्या बास प्रो टूर या व्यावसायिकांच्या मालिकेत प्रत्येक बोटीत आयोजकांनी नेमलेला अधिकारी असतो. त्याच्यादेखत मासा तिथेच तोलला जातो आणि तिथेच सोडला जातो. म्हणजे बोटीच्या मागच्या भागात बसून लक्ष ठेवण्याचे एकच काम एका ठिकाणी आयोजकाचा नेमलेला माणूस करतो, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षक म्हणून आलेला चाहता करतो, आणि तिसऱ्या ठिकाणी स्पर्धक म्हणून शुल्क भरलेला भागीदार करतो. पहिले दोन व्यवहार स्वच्छ आहेत, कारण तिथे कुणाला न मिळणारी संधी विकली जात नाही. आपल्या प्रारूपाने नेमका तिसरा निवडला आहे, आणि तो निवडण्याचे कारण बहुधा इतकेच आहे की भागीदारांच्या शुल्काने खर्चाची तोंडमिळवणी होते.

व्यावसायिकाची बाजू मला कळते, आणि ती डावलून नियम केले तर चांगले मासेमार आपल्या स्पर्धेला येणार नाहीत. तो दिवसेंदिवस सराव करून माशांची ठिकाणे शोधतो. ती ठिकाणे मागे बसलेल्या माणसाने मोबाइलवर टिपून संध्याकाळी मित्राला सांगितली, तर त्याच्या मेहनतीवर पाणी पडते. असे प्रकार होतात म्हणूनच वरच्या पायरीवरून भागीदार हटवले गेले, असे तिकडचे अनेक जण मानतात. म्हणून भागीदाराने बोटीत ठिकाणांची कोणतीही नोंद करू नये, स्पर्धा संपेपर्यंत त्याविषयी कुणाशी बोलू नये, आणि नियम मोडल्यास त्याला कायमचे बाद करावे, अशी कडक अट आपण जरूर घालावी. मी स्वतः तिच्यावर आनंदाने सही करीन. मुळात दोघांचे हितसंबंध टकरावतात ते कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. कागदावर प्रोची लढत दुसऱ्या प्रोंशी आणि हौशीची दुसऱ्या हौशींशी असली, तरी पाण्यात मासे तेच असतात, आणि भागीदाराने उचललेला प्रत्येक मोठा मासा हा प्रोने न उचललेला मासा असतो. ज्याचा संसार त्या वजनावर चालतो त्याने उदार व्हावे, अशी अपेक्षा धरून नियमावली लिहिता येत नाही.

नव्या साधनांनी हा तिढा आणखी घट्ट केला आहे. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीचे लाइव्हस्कोप आले आणि त्या जातीच्या समोर पाहणाऱ्या 'सोनार' (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या) यंत्राने पुढे उभ्या माणसाला पाण्यातला एकेक मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. तो आता काठाला आमिष टाकत जात नाही. उघड्या पाण्यात एका विशिष्ट माशावर नेम धरतो, मोटरने बोट त्याच्याकडे वळवतो आणि दुसऱ्या माशाकडे निघतो. मागच्याला ना पडदा दिसतो, ना बोट पुढच्या क्षणी कुठे वळणार हे कळते. पूर्वी तो निदान उरलेल्या पाण्यात, संथ हलणाऱ्या बारीक आमिषाने, प्रोने सोडलेला मासा उचलू शके आणि चांगले भागीदार याच कसबावर जिंकत. आता उरलेले पाणीच राहिलेले नाही. बास प्रो टूरने २०२५ पासून या सोनारचा वापर दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रापुरता मर्यादित केला. तिथे तर भागीदारही नाहीत. आपल्या प्रारूपात या साधनाचा उल्लेखही नसावा, याचे मला आश्चर्य वाटते, कारण आपल्याकडच्या ज्या मोजक्या लोकांकडे बोटी आहेत, त्यांच्यातही हे पडदे येऊ लागले आहेत.

भागीदाराच्या बाजूने काही बोलले की एक उत्तर नेहमी मिळते: 'त्याला शिकायला मिळते ना!' शिकायला मिळते, हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या गृहस्थांच्या बोटीतही मी पुष्कळ शिकलो: गवताची कड कुठे तुटते ते कसे पाहायचे, वाऱ्याच्या दिशेने मासा कुठे सरकतो, एक जागा किती वेळात सोडायची. अशा माणसाजवळ दिवसभर उभे राहणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि काही जणांना तेवढ्यासाठी शुल्क भरावेसे वाटले तर त्यांना कोण अडवणार? पण मग ते शिकवणीचे शुल्क आहे असे स्पष्ट म्हणावे, मार्शलसारखी त्याची रचना करावी, आणि प्रोनेही त्यातला काही वाटा घेऊन खरोखर शिकवावे. स्पर्धेच्या नावाने पैसे घ्यायचे, बक्षिसाचा आकडा फलकावर रंगवायचा, आणि भागीदाराने विचारले की शिकवणीचा दाखला द्यायचा, ही सोयीची अदलाबदल मला मान्य नाही. शिवाय आपल्याकडे शुल्क भरणारा बहुतेक नोकरदार असेल. दोन दिवसांची रजा, इंदूरहून खंडवा जिल्ह्यापर्यंतचा प्रवास, राहण्याचा खर्च, हे सगळे त्या शुल्काच्या वर असते.

काही मित्रांनी दोघांचे वजन एकत्र धरण्याचा उपाय सुचवला, आणि सुरुवातीला तो सर्वांत न्याय्य दिसतो. वजन एकत्र असेल तर प्रो स्वतःच बोट अशी धरील की मागच्यालाही मासा लागावा, कारण तो मासा त्याच्याही खात्यात जाईल. पण मग साक्षीदार कोण? ज्याला खोट्या वजनाचा फायदा होतो त्याची सही काय कामाची? एरी सरोवरावरची जोडी अशीच एकत्र वजनाची होती. एकत्र वजनाने भागीदाराला मासा मिळतो पण स्पर्धेचा पहारा सुटतो. वेगळ्या वजनाने पहारा राहतो पण पहारेकरी उपाशी राहतो. या दोहोंतून निवडायचे असेल तर वेगळे वजनच ठेवावे असे माझे मत आहे, मात्र मग पहारेकऱ्याच्या वाट्याचे पाणी नियमानेच बांधून द्यावे लागेल. ज्यांना एकत्र वजनच हवे असेल त्यांनी प्रत्येक बोटीत आपला निरीक्षक बसवावा आणि त्याचा खर्च बक्षिसाच्या रकमेआधी काढून ठेवावा.

पाणी बांधून देणे म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. आठ तासांची स्पर्धा असेल तर त्यांतले सलग दोन तास भागीदाराचे असावेत. त्या वेळात पुढच्या जागेवर तो उभा राहील, आणि कुठल्या पाण्यात गळ टाकायचा ते तो ठरवील; मोठे इंजिन व बोटीची सुरक्षितता मात्र बोटवाल्याकडेच राहील, त्यात भागीदाराला बोलण्याचा हक्क नको. ते दोन तास सकाळचे की दुपारचे, हे आदल्या संध्याकाळी चिठ्ठीने, सर्व बोटींसाठी एकदम ठरावे, म्हणजे कुणा प्रोला आपलेच नुकसान झाले असे वाटणार नाही. सगळ्याच बोटींना तो नियम लागू असल्याने प्रोंमधली बरोबरी ढळत नाही. उरलेल्या सहा तासांत, काठाला किंवा बुडालेल्या झाडांना लागून मासेमारी चालू असताना, बोटीचे नाक सतत काठाकडे रोखून मागच्याला मोकळ्या पाण्यात ठेवता येणार नाही, असे एक वाक्य नियमांत असावे. असे वाक्य अंमलात आणणे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे; तरी ते लिहिलेले असले की भागीदाराला बोटीत तोंड उघडता येते, आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. समोर पाहणारा सोनार एक तर भागीदाराच्या तासांत बंद असावा, नाही तर त्याचा पडदा दोघांना दिसेल असा लावावा.

भागीदारांकडून आलेले शुल्क भागीदारांच्याच बक्षिसांत जावे आणि त्यातून किती खर्च कापला याचा हिशेब स्पर्धेच्या दिवशी फलकावर लावावा. इंधनाचा वाटा शुल्कातच धरलेला असावा. पहाटे धक्क्यावर उभे असताना बोटवाल्याने 'पेट्रोलचे काय?' असे विचारावे आणि दिवसभर त्याच्याच मर्जीवर राहायचे आहे म्हणून भागीदाराने मुकाट्याने नोटा काढाव्यात, हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. माशांची संख्या दोघांना सारखी असावी. अमेरिकेतल्या बासमास्टर ओपन्स या स्पर्धांमध्ये प्रोला पाच माशांची मर्यादा असताना भागीदाराला तीनच मासे काट्यावर आणता येत. माशांचा विचार करून मर्यादा कमी ठेवायची असेल, आणि महाशीर हा आपला राज्य मासा असल्याने आपण ती ठेवायलाच हवी, तर ती दोघांचीही सारखीच कमी करावी. साक्षीदार म्हणून सही घ्यायची असेल तर त्या कामाबद्दल भागीदाराच्या शुल्कात ठळक सूट द्यावी आणि ती सूट कशासाठी आहे ते पावतीवर लिहावे. तक्रार करायची असेल तर ती त्याच संध्याकाळी, लेखी, अशा माणसाकडे करता यावी की ज्याची किंवा ज्याच्या नातेवाइकाची बोट त्या स्पर्धेत उतरलेली नाही. आपल्याकडे बोटवाल्यांची संख्या थोडी आणि ओळखी दाट असल्यामुळे ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते.

शासकीय अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. इंदिरा सागर आणि गांधी सागर या जलाशयांतील मासेमारी राज्याच्या मत्स्य महासंघाच्या व्यवस्थेखाली चालते आणि तिथे मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांची पोटे भरतात. त्यांच्या पाण्यात हौशी लोकांना स्पर्धेसाठी उतरू द्यायचे, तर परवानगीच्या अटींत भागीदारांच्या हक्कांचे नियम छापून जोडणे बंधनकारक करावे. जो आयोजक शुल्काच्या बदल्यात काय देणार हे लिहून देऊ शकत नाही त्याला पाणी देऊ नये. स्थानिक नावाडी बोटीत घेतला जाणार असेल तर त्याची दिवसाची मजुरी आयोजकाने द्यावी. ती प्रो आणि भागीदार यांच्यातल्या ओढाताणीवर सोडू नये.

पावसाळ्यातला मासेमारी बंदीचा काळ १६ जून ते १५ ऑगस्ट असा असतो. त्या दोन महिन्यांत गळ पाण्यात पडत नाही, तेव्हा समितीच्या बैठकीला सर्वांनाच सवड असेल. त्या बैठकीत बोटवाल्यांइतकेच, शुल्क भरून मागे बसणारे प्रतिनिधीही असावेत; आमच्या इंदूरच्या मंडळींपैकी दोघे-तिघे स्वखर्चाने यायला तयार आहेत, आणि बोलावलेत तर मीही येईन. सुधारलेले नियम १५ ऑगस्टपूर्वी छापून मिळाले, तर नाव नोंदवायचे की नाही हे आम्हा सर्वांना ते वाचून ठरवता येईल. तोपर्यंत सध्याच्या प्रारूपावर आगाऊ शुल्क स्वीकारू नये, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपला नम्र,
गळ टाकणारा एक हौशी नागरिक
इंदूर